अनुदान मंजूर झाले, खात्यात आले नाही: पैसे नेमके कुठे अडले हे शोधायचे कसे

पीएम किसानचा हप्ता शेजाऱ्याला मिळतो, आपल्याला मिळत नाही. बँकेत विचारले की उत्तर येते, 'वरूनच आले नाहीत.' कृषी कार्यालय म्हणते, 'आमच्याकडून गेलेत.' मग तलाठी, मग सेतू केंद्र, मग पुन्हा बँक. या फेऱ्यांत चार दिवसांची मजुरी बुडते आणि दोन हजारांचा हप्ता तिथेच राहतो.

पैसे 'सरकारात' अडत नाहीत. ते चार जागांपैकी एका जागी अडतात: जमिनीची नोंद, माणसाची ओळख, बँकेची जोडणी किंवा त्या योजनेची फाइल. प्रत्येक जागेचा धनी वेगळा आहे. जमिनीची नोंद तलाठ्याकडे (आताचे पद ग्राम महसूल अधिकारी), ओळख आधार केंद्रात, जोडणी बँकेच्या शाखेत आणि फाइल कृषी खात्याकडे. आधी घरबसल्या जागा शोधा, मगच एसटी पकडा. पुढे महाराष्ट्रातल्या योजनांच्या हिशेबाने क्रम दिला आहे.

पहिली पायरी: सगळे कागद एका ओळीत मांडा

ताजा सातबारा आणि आठ-अ (एका गावातल्या तुमच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो, त्यावर पुन्हा तलाठ्याचा शिक्का लागत नाही. सोबत आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि फार्मर आयडीची पावती घ्या. पाचही कागद शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर वाचा.

बहुतेक भानगडी इथेच सापडतात. सातबाऱ्यावर 'रामा गणू', आधारवर 'रामराव गणपतराव', पासबुकात 'रामराव गणपत'. गावाला माणूस एकच, पण संगणकाला हे तिघे आहेत. बायकांच्या बाबतीत तर माहेरचे नाव सातबाऱ्यावर आणि सासरचे आधारवर, हे घरोघरी दिसते.

चूक कुठली आणि दुरुस्ती कुठे, हे नीट ठरवा. सातबाऱ्यावरची लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. जुना हस्तलिखित सातबारा, खरेदीखत किंवा ज्या फेरफाराने नाव लागले त्याची नक्कल जोडली की काम सोपे होते. आधारमधले नाव मात्र आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे घाईने तिथे हात घालू नका. शाळेचा दाखला, पॅन, पासबुक असे इतर सगळे कागद ज्या नावाशी जुळतात ते नाव कायम ठेवा आणि जो कागद एकटा पडलाय तोच दुरुस्त करा.

क्षेत्रही बघून घ्या. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि एकर म्हणजे ढोबळ ४० आर. १ हेक्टरपर्यंत अत्यल्प भूधारक, १ ते २ हेक्टर अल्पभूधारक. अनुदानाची टक्केवारी या रेषेवर ठरते, म्हणून आठ-अ वरची बेरीज बघायची, एका गटाची नाही. दोन गावांत जमीन असेल तर दोन आठ-अ.

फार्मर आयडी

महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. हा ११ अंकी क्रमांक अ‍ॅग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतून मिळतो. सीएससी केंद्रात (ऑनलाइन सेवा केंद्र) किंवा स्वतःच्या मोबाइलवर काढता येतो. अट एकच, पण ती अनेकांना नडते: आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. शेवटी आधारच्या ओटीपीने ई-सही करावी लागते, आणि तो ओटीपी दहा वर्षांपूर्वीच्या बंद पडलेल्या सिमवर जात असेल तर अर्ज तिथेच थांबतो. आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्या.

काढताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, सगळे गट जोडा. घाईत केंद्रचालक एकच गट जोडतो आणि मोकळा होतो. नंतर दुसऱ्या गटावर ठिबक मागायला गेले की तो गट यादीत दिसतच नाही. दुसरी, आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव यांच्या जुळणीची टक्केवारी पडद्यावर दिसते. ती कमी असेल तर अर्ज आपोआप मंजूर होत नाही, महसूलच्या माणसाने तपासून तो सोडावा लागतो. 'एनरोलमेंट नंबर' मिळाला म्हणजे फार्मर आयडी मिळाला असे नाही. तो फक्त अर्जाचा क्रमांक आहे, त्यामुळे नंतर स्थिती पाहून मंजुरीची खात्री करा.

दुसरी पायरी: बँक. सर्वांत जास्त पैसे इथे अडतात

'माझे आधार बँकेला लिंक आहे' असे प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरेही असते. पण आधार लिंक असणे आणि आधार सीडिंग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खाते उघडताना तुम्ही केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली, बँकेने नंबर आपल्या संगणकात नोंदवला. हे झाले लिंक. सरकारी पैसा मात्र बहुतेक वेळा खाते क्रमांकावर येत नाही, तो आधार क्रमांकावर येतो. दिल्ली-मुंबईहून निघालेला आदेश एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव जोडणारी संस्था) एका यादीत बघतो: या आधारचे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे? या यादीत बँकेचे नाव लागणे म्हणजे सीडिंग. एका आधारसमोर एकच बँक असते, आणि ती म्हणजे ज्या बँकेने सर्वांत शेवटी सीडिंग केले ती. तुम्ही अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहिला असू द्या, पैसे या यादीप्रमाणेच जाणार.

म्हणूनच 'पैसे आले नाहीत' अशा तक्रारींत अनेकदा पैसे आलेले असतात, फक्त दुसऱ्या खात्यात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी गावोगावी नवी खाती उघडली गेली, बरीचशी पोस्ट पेमेंट्स बँकेत. खाते उघडतानाच्या अर्जात सीडिंगची संमती असते. सही किंवा अंगठा झाला की आधार नव्या बँकेकडे वळते. बाईच्या नावावर सातबारा असेल तर तिचा किसानचा हप्ताही तिकडेच जातो आणि घरची माणसे जुन्याच पासबुकात एंट्री मारत बसतात.

तपासायचे असे. माय आधारच्या संकेतस्थळावर आधार नंबर आणि ओटीपी टाकून आत जा, 'बँक सीडिंग स्टेटस' दाबा. बँकेचे नाव, सीडिंग चालू की बंद, आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला, एवढे दिसते. खाते क्रमांक पूर्ण दिसत नाही. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही विचारता येते. आलेल्या उत्तरावरून पुढचे ठरवा:

- बँक दुसरीच दिसतेय आणि स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह': त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. पैसे तिथे असतील. तेच खाते ठेवायचे की बदलायचे, ते नंतर ठरवा.
- बँक बरोबर, स्थिती 'इनअ‍ॅक्टिव्ह': शाखेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येणे) आधार सीडिंगचा संमती अर्ज पुन्हा भरा. 'आधार लिंक करा' म्हणू नका, 'एनपीसीआय मॅपिंग करा, डीबीटी या खात्यात हवे' असे सांगा. शब्द बदलला की काउंटरवरचे काम बदलते. अर्जाची पोच घ्या.
- काहीच दिसत नाही: आधार कुठेच सीड नाही. वरीलप्रमाणेच नव्याने अर्ज.

दोन-चार दिवसांनी पुन्हा स्थिती पाहा. अर्ज शाखेच्या टेबलावर पडून राहणे ही फार नेहमीची गोष्ट आहे.

सीडिंग ठीक असूनही पैसे परत जातात, त्याची तीन कारणे. दोन वर्षे खात्यात स्वतःचा एकही व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते; केवायसीचे कागद देऊन ते सुरू करावे लागते. दुसरे, पूर्ण केवायसी न करता उघडलेले 'लहान' जनधन खाते: त्यात वर्षात १ लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. ठिबकचे ८० हजार आणि वर्षातली इतर जमा मिळून ही मर्यादा सहज ओलांडते. आधी केवायसी पूर्ण करून साधे बचत खाते करून घ्या. तिसरे, विलीनीकरण. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली, त्याआधी देना, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन या बँका मोठ्या बँकांत गेल्या. आधारवर येणाऱ्या पैशाला आयएफएससी (बँक शाखेचा कोड) लागत नाही, पण जिथे खाते क्रमांक टाकून पैसे पाठवतात तिथे जुना कोड असेल तर रक्कम परत फिरते.

तिसरी पायरी: पीएम किसानचा स्थितीदर्शक पडदा ओळीओळीने वाचा

वर्षाला ६,००० रुपये, चार महिन्यांच्या अंतराने २,००० चे तीन हप्ते: एप्रिल-जुलै, ऑगस्ट-नोव्हेंबर, डिसेंबर-मार्च. पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन वर 'नो युवर स्टेटस' उघडा. नोंदणी क्रमांक आठवत नसेल तर तिथेच मोबाइल किंवा आधारवरून शोधता येतो. आत गेल्यावर पात्रतेच्या भागात तीन ओळी दिसतात, आणि तिन्हींसमोर 'येस' हवे.

'लँड सीडिंग' समोर 'नो' असेल तर तुमची जमीन लाभार्थीच्या नोंदीला जोडलेली नाही. बँकेत जाऊन उपयोग नाही. सातबारा, आठ-अ, फार्मर आयडी आणि आधार घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज द्या. जमिनीची खातरजमा महसूलच्या नोंदीवरून होते. नोंदच चुकीची असेल तर आधी तलाठी.

'ई-केवायसी' समोर 'नो' असेल तर तीन वाटा आहेत. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीने घरीच. नसेल तर सीएससी केंद्रात अंगठा. आणि पीएम किसानच्या अ‍ॅपमधून चेहरा दाखवून. राबणाऱ्या हातांच्या, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही. अशांना पुन्हा पुन्हा केंद्रावर नेण्यापेक्षा चेहऱ्याची वाट धरा. उजेड समोरून पडेल असे बसवा आणि चष्मा काढा. घरातल्या एका फोनवरून आजी-आजोबा दोघांचेही होते.

'आधार बँक अकाउंट सीडिंग' समोर 'नो' असेल तर दुसरी पायरी पुन्हा वाचा.

तिन्ही ओळी बरोबर असूनही हप्ता नाही, तर खाली प्रत्येक हप्त्यापुढचा शेरा वाचा. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' म्हणजे राज्याने तुमचे नाव तपासून पैसे मागितले आहेत. 'एफटीओ इज जनरेटेड अँड पेमेंट कन्फर्मेशन इज पेंडिंग' म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश निघाला, बँकेची पोच यायची आहे. या दोन्ही अवस्थांत धावपळ करू नका, थांबा. 'वेटिंग फॉर अप्रूव्हल बाय स्टेट' असेल तर फाइल राज्याच्या मंजुरीसाठी थांबली आहे. तालुका कृषी कार्यालयात विचारा. व्यवहार अयशस्वी असा शेरा असेल तर त्याच्यासमोर कारण लिहिलेले असते. त्या पानाची प्रिंट घेऊनच बँकेत जा, कारण तोंडी सांगितले की उत्तरही तोंडी मिळते.

अडलेली बाब दुरुस्त झाली की पात्र शेतकऱ्याचे राहिलेले हप्तेही मिळतात. दुसऱ्या दिवशी मात्र अपेक्षा ठेवू नका.

आता पात्रता, कारण कधी कधी अडथळा तांत्रिक नसतोच. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत तुमच्या नावावर असायला हवी. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही. वारसाने आलेली जमीन याला अपवाद. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबात एकालाच. दोघांच्या नावावर सातबारा आहे म्हणून दोघांनी अर्ज केला असेल तर पडताळणीत नाव थांबते. सरकारी नोकर, महिना १० हजार किंवा जास्त पेन्शन असलेले, मागच्या वर्षी प्राप्तिकर भरलेले, नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर हे बाहेर. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना मात्र सूट आहे. एक बारीक मुद्दा: कर्जासाठी शून्य कराचे रिटर्न भरले म्हणून कोणी अपात्र होत नाही, अट कर भरल्याची आहे. रिटर्नमुळे नाव कापले गेले असेल तर त्या वर्षाची पोच जोडून लेखी हरकत घ्या. पात्र नसताना पैसे घेतले असतील तर ते परत मागितले जातात, त्यामुळे आपणहून भरलेले बरे.

पोर्टलवर 'व्हॉलंटरी सरेंडर' नावाचे बटण आहे. ते लाभ स्वतःहून सोडण्याचे आहे, ई-केवायसीचे नाही. चुकून दाबले गेले असेल तर तो अर्ज मागे घेण्याचा पर्याय तिथेच आहे.

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीसाठी वेगळा अर्ज नाही. पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून वाटला गेला. किसानच्या यादीत पात्र असाल तर नमोचे आणखी ६,००० मिळतात. किसान थांबले की नमोही थांबते. हे दोन्ही घेणाऱ्या महिलेला लाडकी बहीणमधून दीड हजारांऐवजी फरकाचे ५०० रुपये येतात. हप्ता चुकलेला नाही, तो नियम आहे.

वारस आणि सामायिक खाते

वडील वारले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर, हप्ता त्यांच्याच खात्यात येतो आणि एटीएमने निघतो. हे चालू ठेवू नका. मृताच्या नावावर घेतलेली रक्कम वसूल होते, आणि तोवर खरा वारस यादीबाहेर राहतो. मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती देऊन वारस नोंदीचा अर्ज करा. नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. वाद नसेल तर महिना-सव्वा महिन्यात नाव लागते. त्यानंतर वारसाने फार्मर आयडी काढून किसानची नवी नोंदणी करायची.

सामायिक खाते हा त्याहून गुंतागुंतीचा भाग. समजा एका गटाचे क्षेत्र १.६० हेक्टर, आणि सातबाऱ्यावर आई आणि तीन भावांची नावे एकाच खात्यात, कोणाचाही हिस्सा वेगळा दाखवलेला नाही. किसानला यातून अडचण येत नाही, कारण तिथे रक्कम क्षेत्रावर नाही, कुटुंबावर आहे. वेगळ्या चुली असलेले तिन्ही भाऊ पात्र ठरू शकतात. जिथे हेक्टरी मदत मिळते तिथे मात्र हे खाते अडते. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपयांची मदत जाहीर झाली तेव्हा सामायिक खातेदारांकडून इतरांचे ना हरकत पत्र मागितले गेले, आणि एक भाऊ पुण्यात, दुसऱ्याशी बोलणे नाही, अशा घरांचे पैसे तिथेच राहिले.

हे पत्र आधीच करून ठेवण्यासारखे आहे: गट क्रमांक, खाते क्रमांक, एकूण क्षेत्र, कोणाच्या आधारवर रक्कम जमा व्हावी, आणि सर्व खातेदारांच्या सह्या व आधार क्रमांक. कायमचा उपाय मात्र वाटणीचा. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून हिस्से वेगळे करता येतात. हे काम पेरणीच्या धामधुमीत होत नाही, उन्हाळ्यात करा.

महाडीबीटी: ठिबक आणि अवजारे

महाडीबीटी हे राज्याच्या योजनांचे अर्ज करायचे पोर्टल. इथे हप्ता येण्याची वाट बघायची नसते, फाइल पुढे ढकलावी लागते. अर्जाचे शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी संगणकीय सोडत निघायची. आता प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य आहे, त्यामुळे अर्ज कोणत्या दिवशी दाखल केला याला महत्त्व आले. क्रम असा: फार्मर आयडीने प्रवेश, घटक निवडणे, शुल्क, निवडीचा संदेश, कागद अपलोड, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी (अधिकाऱ्याने शेतावर येऊन पाहणे), मग पैसे. शुल्क न भरता 'अर्ज केला' समजणारे पुष्कळ आहेत. अर्ज क्रमांक आणि शुल्काची पावती दोन्ही हातात हवीत.

सर्वांत महाग चूक म्हणजे पूर्वसंमतीच्या आधी खरेदी. दुकानदार म्हणतो, 'घेऊन जा, पूर्वसंमती येतेच आहे.' बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की फाइल बाद. पूर्वसंमतीला मुदतही असते. ती टळली तर निवड रद्द होते. पैसे दुकानदाराला बँकेमार्फत द्या, रोख नको, आणि तो पुरावा बिलासोबत जोडा. अवजार असेल तर त्याच मॉडेलचा शासनमान्य संस्थेचा चाचणी अहवाल आहे का ते कोटेशन घेतानाच विचारा. कोटेशन, अहवाल, बिल आणि यंत्रावरची पट्टी या चारही ठिकाणी मॉडेल एकच हवे. ट्रॅक्टरसाठी अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना कमाल १ लाख २५ हजार, इतरांना १ लाख.

ठिबकला केंद्राच्या योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५. राज्याची पूरक रक्कम धरून ८० आणि ७५ टक्के होतात. मर्यादा ५ हेक्टर, आणि ज्या क्षेत्रावर एकदा घेतले तिथे ७ वर्षे पुन्हा नाही. ही टक्केवारी तुमच्या बिलावर नाही, शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर आहे. समजा तुमच्या अंतराला मापदंड १ लाख बसतो आणि बिल १ लाख ३० हजारांचे झाले. ८० टक्के म्हणजे ८० हजार मिळतील, १ लाख ४ हजार नाहीत, आणि खिशातून ५० हजार जातील. बिल ९० हजारांचे असेल तर ७२ हजार. हा हिशेब कोटेशनच्या वेळीच करा.

मालाचा हिशेबही स्वतः करा, त्याला कृषी पदवी लागत नाही. क्षेत्र चौरस मीटरमध्ये घ्या आणि ओळींमधल्या अंतराने भागा: तेवढी लॅटरल (पिकाच्या ओळीतली ठिबकची नळी) लागते. ०.४० हेक्टर म्हणजे ४,००० चौरस मीटर. १.२ मीटरवर ओळ असेल तर ३,३३३ मीटर, १.५ मीटरवर २,६६७ मीटर. ड्रीपर ४० सेंमीवर असतील तर पहिल्या बाबतीत ८,३३० च्या आसपास. बिलात ३,३०० मीटर लिहिले आणि शेतात अडीच हजारच पसरली असेल, तर मोका तपासणीत रक्कम कापली जाते किंवा फाइल परत येते. बंडलावर बीआयएसचा शिक्का, लांबी आणि व्यास छापलेला असतो. उलगडण्याआधी प्रत्येक बंडलाचा फोटो काढून ठेवा. वितरक आणि कंपनी चालू वर्षाच्या नोंदणीत आहेत का, हेही तालुक्यात विचारून घ्या.

तपासणीच्या दिवशी संच चालू अवस्थेत हवा. अधिकारी फिल्टर, मेन लाइन, लॅटरल पाहतात आणि शेतातच स्थान नोंदणारा फोटो घेतात. दुसऱ्याच गटात संच बसवला असेल तर तो फोटो खोटे बोलत नाही.

अतिवृष्टीची मदत

हिची सुरुवात ई-पीक पाहणीपासून (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवणे) होते. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर नुकसान कशाचे? खरिपात शेतकऱ्याने पाहणी करण्याची मुदत साधारण १ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर असते. फोटो बांधावरून नाही, पिकात उभे राहून काढा आणि अपलोड झाल्याची खात्री करा. रेंज नसली तर नोंद फोनमध्येच राहते.

पंचनाम्यात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान दिसले तरच मदत. केंद्राच्या निकषाने जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, २ हेक्टरपर्यंत; २०२५ च्या खरिपातील अतिवृष्टीसाठी राज्याने मर्यादा ३ हेक्टर केली. ६० आर जिरायत गेले असेल तर ५,१०० रुपये. बागायत असून पंचनाम्यात जिरायत लिहिले गेले तर रक्कम निम्मी होते, म्हणून पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी गट, क्षेत्र, पीक आणि सिंचनाचा रकाना वाचा. गावच्या यादीत नावापुढे विशिष्ट क्रमांक, म्हणजे व्हीके नंबर येतो. ई-केवायसी बाकी असेल तर हा नंबर घेऊन सेतू केंद्रात जायचे.

मदत खात्यात आली आणि बँकेने पीक कर्जापोटी ती वळती केली किंवा होल्ड लावला, तर गप्प बसू नका. मदतीच्या शासन निर्णयात ही रक्कम कर्जखात्यात वळती करू नये, अशी सूचना असते. त्या निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत तहसीलदारांना द्या.

तक्रार कुठे

पीएम किसानची मदतवाहिनी १५५२६१, किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, माहितीसाठी १४४४८. कार्यालयातली फाइल हलत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज द्या आणि एकच प्रश्न विचारा: अमुक क्रमांकाचा अर्ज आज कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून आहे? उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते, आणि फाइल अनेकदा त्याआधीच हलते.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान हप्ता यादी' अशा नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकणारी) फिरते. ती उघडली की फोनमधले संदेश आणि ओटीपी भामट्याच्या हाती जातात आणि खाते रिकामे होते. कोणतीही योजना एपीके पाठवत नाही. अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या, आणि घरातल्या ज्या माणसाच्या फोनवर ओटीपी येतात त्याला हे आजच सांगा.